ड्रुइडने लोखंडी चिलखत घातलं तर नेमकं काय होतं?

सातमाळ:

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं मी नाशकात घरीच डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवते, दर रविवारी दुपारी. हा फाशांवर आणि बोलून खेळायचा गोष्टीचा खेळ; प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो आणि गोष्ट चालवणारी डीएम मी. नियमांचं पुस्तक २०१४ चं प्लेअर्स हँडबुक. टेबलावर पाच जण असतात: नवरा, ऑफिसमधले दोघे, माझी सोळा वर्षांची भाची आणि तिची मैत्रीण. भाचीचं पात्र ड्रुइड आहे, म्हणजे निसर्गाची जादू करणारी, नाव कारवी. पाचवी लेव्हल, सर्कल ऑफ द लँड ही ड्रुइडांची शाखा, त्यातही जंगलवाली.

आमच्याकडे एक रीत पडून गेली आहे. पार्टी, म्हणजे पात्रांची टोळी, रानात शिरली की मी सगळ्यात आधी कारवीकडे वळते. कुठल्या झाडाची साल ओरबाडलेली आहे, पाखरं एकाएकी गप्प का झाली, ओढ्याच्या पाण्याला कसला वास येतोय, हे आधी तिला सांगते. बाकीच्यांना काय दिसतं ते नंतर. हे कुठल्याही नियमात नाही. पहिल्या महिन्यात कधीतरी सुरू झालं आणि राहिलं.

दोन रविवारांपूर्वी पडक्या गढीत ढिगाऱ्याखाली एका सरदाराचं प्रेत सापडलं, अंगावर शाबूत ब्रेस्टप्लेट, म्हणजे धड झाकणारं धातूचं चिलखत. फायटरकडे चेनमेल (कड्यांचं चिलखत) आहेच, बाकी कोणाला ते नको होतं. सगळे एका सुरात म्हणाले, कारवीला द्या. भाचीने लगेच खोडरबर घेतलं, एसीच्या (फटका लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) चौकोनातला १५ खोडला आणि १८ लिहिला. मी म्हटलं, "थांब, ड्रुइड धातूचं चिलखत घालत नाही."

ती म्हणाली, "मावशी, घालत नाही की घालू शकत नाही?"

आणि पुस्तक उघडून तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. प्रावीण्यांच्या यादीत लाइट आर्मर, मीडियम आर्मर, ढाली असं सगळं दिलंय आणि पुढे कंसात लिहिलंय की ड्रुइड धातूचं चिलखत किंवा धातूची ढाल वापरणार नाहीत. 'विल नॉट'. 'कॅनॉट' नाही. घातलं तर काय होईल यावर पूर्ण पुस्तकात अवाक्षर नाही. मग तिने दुसरं पान काढलं. ड्रुइडला सुरुवातीलाच जे सामान मिळतं त्यात सिमिटर, म्हणजे वाकड्या पात्याची तलवार आहे. "ही तलवार लाकडाची आहे का? हातात लोखंड चालतं आणि अंगावर चालत नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "पुस्तकात लिहिलंय ना, मग नाही." तिने १८ खोडून पुन्हा १५ लिहिला. त्या चौकोनात कागद आता इतका विरलाय की खालच्या टेबलाचा रंग दिसतो. त्यानंतर दोन तास ती फक्त आपली पाळी आली की फासा टाकत होती.

मला हे फार लागलंय. चार वर्षांत मी कोणत्याच खेळाडूला "तुझं पात्र असं करणार नाही" असं सांगितलेलं नाही. रोगने (म्हणजे चोराच्या पात्राने) देवळातली दानपेटी फोडली, तेव्हाही मी पुढे काय झालं तेवढंच सांगितलं. या खेळात डीएमचा प्रश्न एकच असतो, तू काय करतेस? आणि इथे मी तो न विचारता उत्तर देऊन मोकळी झाले. तुमच्या टेबलावर हे कसं सोडवता? आणि ही अट मुळात आली कुठून, कोणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा. तिला सांगायला मला खरं उत्तर हवंय.

---

वीसबाजू:

थोडक्यात सांगतो. २०२४ च्या नव्या हँडबुकात ही अट काढून टाकली आहे. ड्रुइडला आता मुळात लाइट आर्मर आणि ढाल मिळते, धातूबद्दल काहीही म्हटलेलं नाही. पहिल्या लेव्हलला मॅजिशियन की वॉर्डन हे निवडायचं असतं. वॉर्डन घेतलं तर मीडियम आर्मर आणि मार्शल वेपन्स (लढाऊ हत्यारं) दोन्ही येतात. म्हणजे ब्रेस्टप्लेट अंगात घालायची तर दुसरीकडे काहीतरी सोडावं लागतं. स्वच्छ व्यवहार आहे.

खेळ बिघडेल ही भीती असेल तर आकडे बघा. कारवीचा एसी १५ म्हणजे लेदर ११, डेक्स (चपळाई) २, ढाल २. ब्रेस्टप्लेट घातली की १८. साधा ओगर (दांडगा राक्षस) घ्या, त्याचा हल्ला +६, म्हणजे फाशात ६ मिळवायचे. १५ ला वीसबाजू फाशावर ९ किंवा वर पडला की फटका लागतो, म्हणजे ६०%. १८ ला १२ लागतो, म्हणजे ४५%. वीस फटक्यांत तीन फटके कमी. दहा सोन्याच्या नाण्यांचं हाइड आर्मर (जाड कातड्याचं चिलखत) घातलं असतं तरी ती १६ वर गेली असती, आणि ते तिला आजही चालतं. तेव्हा हा नियम समतोलासाठी आहे असं कोणी म्हणालं तर मला ते पटत नाही. मी तर घालू दिलं असतं.

---

जुनी वही:

सातमाळ ताई, अट आली कुठून याचं उत्तर मी देतो. जरा लांबेल.

ड्रुइड हा खेळाडूने घ्यायचा क्लास (पात्राचा प्रकार) म्हणून पहिल्यांदा आला तो १९७६ साली, मूळ खेळाच्या एका पुरवणीत. त्याआधी १९७५ च्या पुरवणीत ड्रुइड होते, पण समोरून येणारे शत्रू म्हणून. १९७६ मध्येच लिहिलं होतं की चामड्याचं चिलखत आणि लाकडी ढाल चालेल, धातूचं चिलखत नाही. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीत कारणही दिलं: धातूच्या चिलखताने त्यांची जादू नासते. म्हणजे तुमच्या भाचीचा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असता तर उत्तर एका ओळीत मिळालं असतं.

२००० सालची तिसरी आवृत्ती आणि २००३ ची साडेतीन, यांत ते उत्तर अगदी कायद्याच्या भाषेत आलं. मनाई असलेलं चिलखत घातलं तर ते अंगावर असेपर्यंत आणि काढल्यानंतर २४ तास ड्रुइडला एकही स्पेल (मंत्र) टाकता येत नाही, वाइल्ड शेपही, म्हणजे जनावराचं रूप घेणंही होत नाही. मी हे अनुभवलंय. पुण्यात हॉस्टेलवर झेरॉक्सच्या पानांवर साडेतीन खेळायचो. माझ्या ड्रुइडने पहारेकऱ्याचं सोंग घ्यायला चेन शर्ट चढवला, फाटकातून आत गेलो, काम झालं, शर्ट काढून फेकला. मग मोजत बसलो, २४ तास. त्या रात्री लांडग्यांचा हल्ला झाला आणि मी हातात काठी घेऊन उभा. माझा पाळीव लांडगा तेवढा सोबत राहिला, कारण त्या सोबतीला हा नियम लागत नव्हता. तो माझ्यासाठी लढला आणि मेला. वीस वर्षं होत आली, ती रात्र मला अजून आठवते. नियम कडक होता, पण त्याने मला एक गोष्ट दिली, हे मी मान्य करतो.

२००९ मध्ये चौथ्या आवृत्तीचा ड्रुइड आला तेव्हा त्याला कापड, चामडं आणि हाइड एवढंच दिलं. धातूचा उल्लेख करायची वेळच येऊ दिली नाही. मग २०१४. शिक्षा काढली, शब्द मात्र ठेवला. अर्धा नियम राहिला आणि अर्धा गेला. तुमच्या टेबलावर जे झालं ते या अर्ध्या नियमामुळे झालं. त्यात चूक तुमची नाही, तिचीही नाही.

आता लोखंडच का? खऱ्या ड्रुइडांनी, म्हणजे प्राचीन युरोपातल्या केल्ट लोकांच्या पुरोहितांनी, स्वतः काही लिहून ठेवलं नाही. रोमन सेनापती सीझर सांगतो की त्यांच्यातले काही जण वीस वीस वर्षं शिकत, सगळं तोंडपाठ करत. तोच हेही सांगतो की गॉलमध्ये (साधारण आजचा फ्रान्स) ड्रुइड लढाईपासून लांब राहत आणि त्यांना सैन्यातून व करातून सूट होती. म्हणजे चिलखताचा प्रश्नच फारसा उद्भवत नव्हता. ते लढायला जातच नव्हते.

लोखंडाचा धागा मिळतो तो प्लिनी या रोमन लेखकाकडे. त्याच्या निसर्ग-इतिहासाच्या सोळाव्या खंडात ते प्रसिद्ध वर्णन आहे: पांढऱ्या वस्त्रातला ड्रुइड ओकवर चढतो, सोन्याच्या विळ्याने मिसलटो (झाडावर वाढणारं बांडगूळ) कापतो आणि खाली पांढऱ्या कापडात ते झेलतात. आणि चोविसाव्या खंडात सेलागो नावाच्या वनस्पतीबद्दल लिहिलंय की ती लोखंड न लावता खुडायची. अनवाणी पायांनी, पाय धुऊन, पांढरं नेसून, उजवा हात अंगरख्याच्या डाव्या बाजूने काढून, जणू चोरी करतोय अशा बेताने. आधी भाकरी आणि द्राक्षारसाचा नैवेद्य. मला ही ओळ वाचली की अंगावर काटा येतो. एक रोपटं घेताना माणूस एवढा संकोचतो.

भाचीच्या सिमिटरचं उत्तरही इथेच आहे. ड्रुइडाच्या हातात विळा हवा होता. वाकडं पातं म्हणून सिमिटर त्याच्या पंगतीला बसली आणि पुढच्या बऱ्याच आवृत्त्यांत हातात राहिली.

---

ढालकाठी:

वरची माहिती वाचून फार आनंद झाला. मी थोडं सामानाबद्दल लिहिते, कारण तोच माझा जिव्हाळ्याचा विषय.

धातू नको म्हटलं की लोक थेट फाटक्या चामड्यावर येतात. जगात लोकांनी कशाकशाची चिलखतं केली आहेत ते बघा. पॉसेनियस नावाच्या ग्रीक प्रवाशाने अथेन्सला अस्क्लेपियस या वैद्यदेवाच्या देवळात वाहिलेलं एक सार्मेशियन (गवताळ मैदानांतल्या घोडेस्वार लोकांचं) चिलखत पाहिलं होतं. ते घोड्यांच्या खुरांचं होतं. खूर साफ करून, चिरून त्याचे खवले करायचे, त्यांना भोकं पाडायची आणि घोड्याबैलांच्या स्नायूंच्या दोऱ्याने शिवायचे. त्याने लिहिलंय की ते ग्रीक चिलखताइतकंच देखणं आणि तितकंच मजबूत असतं. हे झालं तुमचं स्केल मेल (खवल्यांचं चिलखत), एसी १४, आणि लोखंडाचा कणही नाही. पॅसिफिकमधल्या किरिबाटी बेटांवर नारळाच्या काथ्याचं जाड विणलेलं चिलखत आणि काटेरी माशाच्या वाळवलेल्या कातडीचा टोप घालत. ॲझ्टेक लोक कापूस भरून शिवलेली जाड बंडी घालत. स्पॅनिश शिपायांनी आपलं पोलादी चिलखत उतरवून तीच चढवली. आणि आपल्याकडे गेंड्याच्या कातड्याच्या ढाली होत्याच.

एक वस्तू मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये खवले मांजराच्या खवल्यांचा एक अंगरखा आहे, खवल्यांवर सोनेरी नक्षी. हिंदुस्थानातून गेला, १८२० मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाला भेट दिला होता. मी फोटो पाहिला तेव्हा आधी जीव हरखला आणि मग लगेच मन खट्टू झालं. एका अंगरख्यासाठी किती खवले मांजरं मारली असतील? आज तो प्राणी कायद्याने पूर्ण संरक्षित आहे, तरी कोकणात त्याची चोरटी शिकार होतेच.

म्हणून माझा खरा प्रश्न वेगळा आहे. ड्रुइडला लोखंड नको, पण मेलेल्या जनावराचं कातडं चालतं, हे कसं? लोखंडासाठी कोणाचा जीव जात नाही. माझ्या टेबलावर मी प्रत्येक ड्रुइडला विचारते, तुझ्या अंगावरचं चामडं कोणाचं आहे आणि ते जनावर कसं मेलं? एकाने सांगितलं होतं, आमच्या घरची म्हातारी गाय, ती गेली तेव्हा तिच्याजवळ बसून होतो. पुढे चाळीस सेशन्स त्या चिलखताला कोणी नुसतं 'लेदर' म्हटलं नाही.

आणि स्टडेड लेदरवरून (टिकल्या ठोकलेलं चामड्याचं चिलखत) पुढेमागे वाद होईलच, तेव्हा आत्ताच सांगते. जुन्या ब्रिगँडाइन नावाच्या चिलखतामध्ये पोलादी पट्ट्या कापडाच्या आत असतात आणि बाहेर फक्त रिबिटांची डोकी दिसतात. चित्र बघून लोकांना वाटलं की चामड्यावर नुसत्या टिकल्या ठोकल्यात. तेव्हा ते चिलखत खऱ्या इतिहासात शोधू नका. खेळात ड्रुइडला ते चालतं.

---

वीसबाजू:

स्टडेड चालतं याला पुस्तकात आधार आहे का?

---

माळावरचा:

वीसबाजू, आधार आहे. पुस्तकात नाही, पण २०१६ मध्ये खेळ काढणाऱ्यांनीच याच प्रश्नावर अधिकृत खुलासा दिला होता. त्यात म्हटलंय की ड्रुइड सहसा लेदर, स्टडेड लेदर किंवा हाइड घालतो, आणि धातू सोडून दुसऱ्या कशाचं स्केल मेल मिळालं तर तेही घालू शकेल. मुख्य मुद्दा असा की ड्रुइडच्या अंगी धातू घालायची क्षमता नाही असं नाही, तो घालायचं नाही असं ठरवतो. त्यांनी उदाहरण दिलंय शाकाहारी माणसाचं. आणि मोडायचंच असेल तर डीएमशी बोला, असंही सांगितलंय.

सातमाळ, मी नऊ वर्षं ड्रुइडच खेळतोय, तेव्हा मनापासून लिहितो. शाकाहाराचं उदाहरण मला अपुरं वाटतं. आपल्याला त्याहून जवळचं माहीत आहे. माझे आजोबा माळकरी होते. आमचं घर मटण-मासे खाणारं, आजोबांनी वयाच्या तिशीत पंढरपूरला माळ घातली. घरात रविवारी मटण शिजलं की आजी त्यांचं ताट बाहेर पडवीत वाढायची, वेगळ्या भांड्यातलं. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "दादा, एक घास खाल्लात तर काय होईल?" ते म्हणाले, "काही होणार नाही रे. माळ काढून ठेवावी लागेल."

एवढंच. वीज पडणार नव्हती. पोटात दुखणार नव्हतं. पण ती माळ काढणं म्हणजे काय, हे तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं.

मराठीत 'खाऊ शकत नाही', 'खाणार नाही' आणि 'खात नाही' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही टेबलावर बोलून गेलात तो शब्द, 'घालत नाही', तो अगदी बरोबर होता. फक्त तो कारवीने म्हणायला हवा होता. डीएम म्हणाला की तो हुकूम होतो.

भाचीला एक गोष्ट नक्की सांगा. हीट मेटल हा स्पेल कोणाच्या यादीत आहे? ड्रुइडच्या. ती पाचव्या लेव्हलची आहे म्हणजे तिला तो मिळतो. समोरच्याचं चिलखत तापवायचं, दर फेरीला २डी८ (दोन आठबाजू फाशांची बेरीज) इतकी इजा, साधारण ९. एक मिनिट चालतो, म्हणजे दहा फेऱ्या. आणि ब्रेस्टप्लेट अंगावरून काढायला किती वेळ लागतो? एक मिनिट. माणूस बंद सोडत राहतो आणि शेवटचा बंद सुटेपर्यंत भाजून निघतो. मी हा स्पेल एकदा एका पहारेकऱ्यावर टाकला. डीएमने प्रत्येक फेरीला तो कुठला बंद सोडतोय ते सांगितलं. चौथ्या फेरीला मी स्वतःच स्पेल सोडून दिला. लोखंड माणसाला कसं अडकवतं हे रानातल्या बाईला शहरातल्या सरदारापेक्षा जास्त माहीत असतं. माझा ड्रुइड ब्रेस्टप्लेटला हात लावत नाही त्याचं कारण माझ्यापुरतं हे आहे.

---

सातमाळ:

सगळ्यांचे मनापासून आभार. प्लिनीचा उतारा आणि खुरांचं चिलखत भाचीला वाचून दाखवलं. माळकरी आजोबांचं वाचताना मात्र माझाच आवाज अडकला, कारण तिच्या वडिलांचे आजोबाही माळकरी होते आणि तिने त्यांना पाहिलं नाही, फक्त फोटोतली माळ पाहिली आहे.

शनिवारी संध्याकाळी मी तिच्याशी टेबलाबाहेर बोलले. आधी माफी मागितली. मग माळावरचा यांनी लिहिलं तसं सांगितलं की 'घालत नाही' हे म्हणायचा हक्क कारवीचा, माझा नव्हे. तिच्यापुढे तीन वाटा ठेवल्या. नव्या पुस्तकाप्रमाणे चालायचं तर घाल, काही होणार नाही. जुन्या साडेतीनप्रमाणे चालायचं तर घाल, पण काढल्यावर २४ तास जादू बंद. किंवा गावातल्या सुताराकडून, चर्मकाराकडून खुरांचं करून घे, मी त्यासाठी एक छोटी मोहीम आखते. मला अगदी खात्री होती की ती तिसरी वाट घेईल. मी तर खूर कुठे मिळतील याचं टिपणही काढून ठेवलं होतं.

ती बराच वेळ पेन्सिल दाताखाली धरून बसली. मग म्हणाली, "कारवी घालणार. मागच्या वेळी ढाल धरूनही ती खाली पडली आणि तिला वाचवायला गेलेला नावाडी मेला. तिला परत कोणी तिच्यासाठी मरायला नकोय."

तो नावाडी माझ्या लक्षातही नव्हता. तीन ओळींचं पात्र होतं.

मी विचारलं, मग जादूचं काय, २४ तास ठेवायचे का? ती म्हणाली, "नको. जादू राहू दे. पण ब्रेस्टप्लेट अंगात असेपर्यंत तू मला रानाचं सांगू नकोस. आधी बाकीच्यांना सांग. मला फक्त त्यांना दिसतं तेवढंच."

मला काय बोलावं सुचेना. कोणत्याही पुस्तकात नसलेली शिक्षा तिने शोधून काढली होती, आणि ती आम्हा दोघींनाच समजणारी होती.

---

जुनी वही:

ताई, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. साडेतीनचे २४ तास याच्यापुढे काहीच नाहीत. रविवारी काय झालं ते जरूर लिहा.

---

ढालकाठी:

+१. आणि खुरांचं टिपण फेकू नका. लागेल कधीतरी.

---

सातमाळ:

काल खेळलो. लिहिल्याशिवाय राहवेना म्हणून आले.

पार्टी गढीतून निघाली आणि संध्याकाळी साग संपून दाट रान लागतं तिथे पोचली. सवयीने मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तीही माझ्याकडे बघत होती, पाठ ताठ करून, नेहमी बसते तशी. मी मान वळवली आणि फायटरला सांगितलं, "तुला झाडं दिसतात. अंधार पडतोय." नवऱ्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. त्याला काही माहीत नव्हतं. मग रोगला सांगितलं, मग मैत्रिणीच्या क्लेरिकला (देवाची जादू करणारी). शेवटी तिला म्हटलं, "तुलाही तेच दिसतं."

माझ्या वहीत त्या रानाबद्दल पाऊण पान लिहिलेलं होतं. खालून तिसऱ्या ओळीत होतं की वाटेतल्या उंबराची मुळं गेल्या पौर्णिमेपासून पाणी घेत नाहीत, म्हणजे जमिनीखाली कोणीतरी पोखरतंय. ते कोणाला कळलं नाही. चौथ्या वळणावर जमीन खचली आणि क्लेरिक आत गेली. लढाई झाली. शत्रूच्या हल्ल्याची बेरीज दोनदा १६ आणि एकदा १७ झाली आणि कारवीला लागलं नाही. एसी १५ असता तर तिन्ही लागले असते. ती उभी राहिली, क्लेरिकला वर काढलं, कोणी मेलं नाही.

रात्री मुक्काम पडला. पहाऱ्याच्या पाळ्या ठरल्या, तिची पहिली. मी विचारलं, "तू काय करतेस?" ती म्हणाली, "उंबराच्या बुंध्याला टेकून बसते." मी काही बोलले नाही. ती थोडी थांबली. मग विचारलं, "मावशी, ब्रेस्टप्लेट काढायला एक मिनिट लागतं ना?"

मी हो म्हटलं.

"आणि परत घालायला?"

"पाच."

तिने शीटच्या कडेला ते दोन्ही आकडे लिहून ठेवले. एसीच्या चौकोनात कागदाला मागून पट्टी चिकटवली आहे आता, आणि १८ या वेळी पेनाने लिहिलाय. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीला न्यायला बाबा आले, म्हणून तिथेच थांबलो. पहारा अजून तिचाच चालू आहे. उंबराचं पाऊण पान मी पुसलेलं नाही.